अक्कासाठी टाकलेले फोटो

परवा भिशीच्या बायका आमच्याकडे जमल्या होत्या. बोलता बोलता एकीने विचारलं, "तुम्ही येताना बँकॉक पण केलं ना हो? कसं आहे?" मी म्हटलं, "गरम आहे," आणि रिकामा ट्रे उचलून स्वयंपाकघरात गेले. ओट्याशी उगाचच उभी राहिले. बँकॉकचं नाव निघालं की मला माणसांत थांबवत नाही, काहीतरी काम काढून मी उठते.

ज्या दिवशी मी बँकॉक बघत होते, त्याच दिवशी पहाटे साक्रीकडच्या आमच्या गावात माझी मोठी जाऊ गेली. यांना ते सकाळीच कळलं होतं. मला दुसऱ्या दिवशी कळलं. आणि मधल्या त्या अख्ख्या दिवसात मी हसरे फोटो काढून साऱ्या भावकीला दाखवत सुटले होते.

जाऊ म्हणायला जाऊ. सगळं घर तिला अक्का म्हणायचं, मीही अक्काच म्हणत आले. यांची आई फार लवकर गेली. अक्का लग्न होऊन घरात आली तेव्हा हे शाळेत जात होते. पुढे कॉलेजला धुळ्यात देवपूरला होस्टेलवर राहिले, तर अक्काने सकाळच्या एसटीने रोज डबा पाठवला. स्टँडवर जायचं, कंडक्टरकडून भरलेला डबा घ्यायचा, कालचा रिकामा त्याच्या हाती द्यायचा, असं यांचं कॉलेज पार पडलं. अजूनही गावची भाकरी आली की हे आधी हुंगून बघतात आणि म्हणतात, "डिझेलचा वास येत नाही, म्हणजे अक्काची नाही."

मी जळगाव शहरात वाढलेली. अहिराणी कानावर पडायची, पण तोंडात नव्हती. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माझी डी.एड.ची परीक्षा तोंडावर होती, म्हणून माहेरी जाता आलं नाही. आखाजीचा झोका आमच्याकडे माहेरी आलेल्या लेकींचा असतो, सुनांनी खाली उभं राहून झोके द्यायचे. मी आतल्या खोलीत पुस्तक उघडून रडत बसले होते. अक्काने हाताला धरून मला निंबाखाली नेलं आणि झोक्यावर बसवलं. चुलत सासवा कुरकुरल्या. अक्का म्हणाली, "आज ती मन्ही बहीण शे," आणि स्वतः झोका दिला, तोही इतका जोरात की मला घेरी आली. उतरल्यावर मी तिलाच धरून उभी राहिले.

लेकीच्या बाळंतपणासाठी आम्ही ऑस्ट्रेलियाला निघालो तेव्हा अक्काने एकच मागणं केलं. "तू जठे जाशी तठला फोटो टाकजो माले." जिथे जाशील तिथले फोटो मला टाक. तिला वाचता फारसं येत नव्हतं. मेसेज कुठे आला, कसा उघडायचा, याचा तिला वैताग यायचा. पण नातीने तिला एक शिकवलं होतं: माझ्या नावाशी हिरवा गोल दिसला की त्यावर बोट ठेवायचं. म्हणून मी सगळं स्टेटसवरच टाकायचे. लेकीचं अंगण, समुद्र, बाळाची अंघोळ, तिथले भले मोठे कांदे. ते बाकीचेही बघायचे, पण ते टाकलेलं असायचं अक्कासाठी. कुणी कुणी बघितलं त्यात तिचं नाव बहुतेक वेळा पहिलं असे आणि पाठोपाठ तिच्या आवाजात उत्तर येई, "दखं वं." बघितलं गं. मागे कोंबड्यांचा आवाज.

परतीच्या तिकिटात लेकीने मुद्दाम बँकॉकचा एक दिवस काढला. म्हणाली, "आई, इतके महिने तू माझ्या स्वयंपाकघराबाहेर पडली नाहीस. एक दिवस तुम्ही दोघंच फिरा." मला फार आनंद झाला, खोटं कशाला बोलू. लग्नानंतर आम्ही दोघंच असे कुठे गेलोच नव्हतो. वणीला गेलो तरी गाडीत चार माणसं आणि एक पिठाचा डबा.

सकाळी हॉटेलात मी अंघोळ करून बाहेर आले तर हे पलंगाच्या कडेला बसलेले, मांडीवर फोन. मी विचारलं, "कुणाचा?" म्हणाले, "पुतण्याचा. सहजच." पुतण्या म्हणजे अक्काचा मुलगा, साक्रीला त्याचं बियाण्याचं दुकान आहे. तो सहज फोन करणाऱ्यातला नाही, हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. मी केस पुसत होते. हे उठले, न्हाणीघरात गेले आणि डोक्यावरून पाणी घेऊन बाहेर आले. त्यांची अंघोळ माझ्याआधी झालेली होती. मी म्हटलं, "इथलं पाणी फारच गोड लागलं वाटतं." ते पंचा खांद्यावर टाकून खिडकीशी उभे राहिले.

आज हे लिहिताना सगळं स्वच्छ दिसतं. नात्यातलं माणूस गेल्याचं कानावर आलं की आमच्याकडे आधी डोक्यावरून अंघोळ. हे मला माहीत नाही का? माहीत होतं. पण बँकॉकच्या त्या गुळगुळीत हॉटेलात मला ते कसं सुचणार, असं मी स्वतःला समजावते. समजूत काही पटत नाही.

खाली नाश्त्याला फळं, भात, मासे, काय काय मांडलेलं. यांनी चहाही घेतला नाही. "पोट बरं नाही," म्हणाले. मी चिडले. "काल विमानात ते चीज खायला कुणी सांगितलं होतं? आता दिवसभर तोंड पाडून बसा." आणि त्यांच्या वाटचा पपईचा तुकडाही मी खाल्ला.

मग आम्ही नदीवर गेलो. मोठी नदी, मातकट पाण्याची, आणि तिच्यातून एसटीसारख्या बोटी धावतात. लोक उभ्या उभ्या चढतात, कंडक्टर बाई पैशांचा नळकांड्यासारखा डबा खुळखुळवत तिकीट फाडते. मला गंमत वाटली. मी यांना म्हटलं, "बघा, आपल्या साक्री-धुळे गाडीसारखीच, हिच्या हातीसुद्धा डबा देता येईल." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान फिरवली. वाऱ्यावर माझे केस उडत होते. मी फोन लांब धरून फोटो काढला. "या ना इकडे, दोघांचा काढू." म्हणाले, "तुझाच काढ." यांच्या फोनवरून नेट घेऊन मी तो लगेच स्टेटसला टाकला.

यांनी नेट द्यायला नको होतं, असं कुणी म्हणेल. पण यांना स्टेटस म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. त्यांना वाटलं मी लेकीला फोटो पाठवतेय.

थोड्या वेळाने बघितलं तर अक्काने फोटो बघितलेला. मला बरं वाटलं. मी फोन यांच्या नाकापुढे धरला. "ही बघा तुमची वहिनी, काम टाकून बसली असेल. बघितला तिने बोटीचा फोटो." हे त्या पडद्याकडे बघत राहिले. किती वेळ. मी म्हटलं, "आता बोलेल बघा, दखं वं म्हणून." उत्तर आलं नाही. मी म्हटलं, "चुलीपुढे असेल." हे उठून बोटीच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि कठड्याला धरून पाठमोरे उभे राहिले. मला वाटलं, ओकारी येतेय की काय.

पलीकडच्या काठावर एक उंच देऊळ आहे, चिनीमातीच्या तुकड्यांनी मढवलेलं. दारापाशी चपला काढायच्या. मी चपला काढल्या तर हे तिथेच थांबले. म्हणाले, "आत नको जाऊस." मी म्हटलं, "का? एवढ्या लांबून येऊन दारातून परत जाऊ?" ते म्हणाले, "जा तू. मी चपला सांभाळतो." माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "इथे आपल्या चपला कोण नेणार आहे? देवळातही चपला घालूनच मिरवायचंय का तुम्हाला?" आणि तरातरा आत गेले. बाहेरचा राग आत गेल्यावर मावळला. फुलं वाहिली, उदबत्ती लावली, त्यांच्या माणसांसारखं गुडघ्यावर बसून पाया पडले. सुतकात. बाहेर येताना दारात पायरीकडे पाठ करून आणखी एक फोटो काढला, छान हसरा, आणि टाकला.

पुढे म्हणाल तर दिवस चांगलाच गेला. हेच तर बोचतं. चौकातला चार तोंडांचा ब्रह्मदेव बघितला, तिथे नवस फेडायला नाचणाऱ्या मुली बघितल्या, तिथेही हे रस्त्याच्या पलीकडे सावलीत उभे. बाजारात बामाच्या बाटल्यांचं एक दुकान होतं. अक्काच्या गुडघ्यांसाठी बाम घ्यायचा माझ्या मनात होताच. दुकानदारीण बाटल्या उघडून हुंगायला देत होती. मी दोन बाटल्या यांच्यापुढे केल्या. "अक्काला थंड चालेल की गरम? मागे तिला थंड लावला तर कळ वाढली होती ना?" यांनी खिशातून पाकीट काढलं. मग म्हणाले, "दोन्ही घे."

मला आश्चर्य वाटलं. एरवी दोन्ही घे म्हणणारा हा माणूस नाही. मी मनात म्हटलं, चला, मूड आला जागेवर.

संध्याकाळी खोलीवर आलो. यांना एक मेसेज आला, तो वाचून म्हणाले, "ते स्टेटस का काय असतं, ते तू टाकलंयस का? काढून टाक." मी विचारलं, "का?" म्हणाले, "कशाला हा दिखावा." मला तिडीक गेली. दिवसभर तोंड फुगवून हिंडले, एका फोटोत उभे राहिले नाहीत, घास खाल्ला नाही, आणि वर हे. म्हटलं, "नात्यातल्या बायकांचे शिमला-मनालीचे फोटो आयुष्यभर बघितले मी. आज माझे चार जणांनी बघितले तर कुणाच्या पोटात दुखतं?" आणि काढायचं सोडून आणखी एक टाकला. येताना आंबा घातलेला गोड भात आणला होता, ती बशी तोंडापुढे धरून, मनगटात फुलांचा गजरा, डोळे मिचकावलेले. तो फोटो आठवला की अजूनही मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. एरवी माझ्या फोटोंना बायकांचे बदाम यायचे. त्या दिवशी गावाकडचं कुणी काही बोललं नाही. मी म्हटलं, जळतात मेल्या.

दुसऱ्या दिवशी मुंबईला उतरून धुळ्यासाठी गाडी केली. इगतपुरी सोडल्यावर चहाला थांबलो. ड्रायव्हर गाडीला पाणी मारत होता. मी म्हटलं, "घरी न थांबता सरळ गावी जाऊ का? आखाजी आठवड्यावर आलीय. अक्काला बाम देऊ, बाळाचे फोटो दाखवू, उद्या घरी येऊ." हे म्हणाले, "आधी घरी जाऊन अंघोळ कर. मग गावीच जायचंय."

"अंघोळ कशाला?"

"अक्का गेली."

मी विचारलं, "कुठे?" असं मी विचारलं, देवाशपथ. मग कळलं. काल पहाटे गोठ्याकडे जाताना पायरीवर बसली ती उठलीच नाही. दुपारी उरकलं. आपण पोचणारच नव्हतो. "सांगून काय झालं असतं? परक्या गावात खोलीत बसून रडली असतीस. आयुष्यात एक दिवस मिळाला होता तुला." एवढं बोलून यांनी चहाचा कप तसाच खाली ठेवला. मी विचारलं, "मग देवळात का जाऊ दिलं मला?" म्हणाले, "वाटलं, तिथला देव वेगळा. त्याला आपलं सुतक कुठे लागतंय. पण मला स्वतःला जाववेना."

मला रडू आलं नाही. माझ्या मनात एकच गोष्ट घुमत होती, ती मी विचारलीच. "मग अक्काच्या फोनवर माझे फोटो कुणी बघितले?"

त्यांना माहीत नव्हतं. पुतण्याने आदल्या संध्याकाळी एवढंच कळवलं होतं की काकूंचे स्टेटस सगळे बघताहेत.

तिथून धुळ्यापर्यंत मी माणसं आठवत बसले. कोण कोण बघत असेल. अंगणात अक्काला ठेवलंय, बायका रडताहेत, आणि कुणाच्या तरी हातात फोन, फोनमध्ये मी, केस उडवत. मी फोन काढून बघितला. बोटीचा फोटो दिवस उलटल्याने आपोआप गेला होता. आंब्याचा अजून होता. तो काढून टाकला. घरी पोचलो तर किल्ली समोरच्या मारवाडी भाभींकडे. त्या हसत बाहेर आल्या. "भाभी, फोटो एकदम मस्त होते हं. तो आंब्याचा तर लईच." मी किल्ली घेतली आणि त्यांना अक्काचं सांगितलंसुद्धा नाही.

गावात पोचलो तेव्हा ऊन होतं. अंगणात मांडव, त्याखाली सतरंजीवर पुरुष बसलेले, घरचे सगळे अनवाणी. आमच्या घरात माणूस गेलं की दहावं होईपर्यंत घरचे पुरुष पायात काही घालत नाहीत. यांनी गाडीतच चपला काढल्या आणि मांडवात जाऊन बसले. मी आत गेले. नात्यातली बाई दारावर आली की आतल्या बायका हुंदका काढून तिला गळ्याशी धरतात. मी उंबरठ्यात उभी राहिले. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं आणि कुणी लगेच उठलं नाही. क्षणभरच असेल. मग चुलत जाऊ म्हणाली, "उनी का वं फिरीसन?"

फिरून आलीस का गं, इतकंच. गावाहून आलेल्या माणसाला विचारतात तसं. पण मला ते कानाखाली लगावल्यासारखं लागलं. माझ्या जिभेला हाड नाही, हे माझी आई लहानपणापासून सांगत आलीय. मी मोठ्याने म्हणाले, "मला माहीत नव्हतं. शपथ घेऊन सांगते. यांना काल सकाळीच फोन आला होता, यांनी माझ्यापासून दिवसभर लपवलं. मला सांगितलं असतं तर मी असे फोटो टाकले असते का?" शाळेत पोरांपुढे बोलून कमावलेला आवाज माझा. तो मांडवाच्या पार टोकाला गेला.

बाहेरचं बोलणं थांबलं. खिडकीतून मला दिसत होतं. चुलत सासऱ्यांनी यांच्याकडे वळून विचारलं, "भाऊ, तुले माहीत व्हतं?"

हे म्हणाले, "हो."

"माय व्हती ती तुन्ही. एसटीमा डबा धाडे ती तुले. आनि तू फिरत व्हता?"

हे मान खाली घालून सतरंजीचा दोरा ओढत राहिले. रिटायर माणूस, अख्ख्या भावकीत ज्याच्या शब्दाला मान, तो शाळेत उभं केलेल्या पोरासारखा बसला होता. बायका आता उठल्या, मला गळ्याशी धरलं, रडल्या, मीही रडले. पुतण्या पाणी द्यायच्या निमित्ताने माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "काकू, मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, तुमचे फोन लागले नाहीत म्हणून. कुणी काही म्हणत नव्हतं तुम्हाला."

म्हणजे कुणीच कुणाला बोल लावत नव्हतं. मी माझी इभ्रत वाचवायला धावले आणि यांची घालवली, तीही त्यांच्या भावांसमोर, त्यांना आईसारख्या असलेल्या अक्काच्या दारात. त्या रात्री मी बायकांमध्ये झोपले आणि हे मांडवात. त्यांच्याशी धड कुणी बोलत नाही, हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी चहा देताना दिसलं.

दुपारी थोरल्या दिरांनी, म्हणजे अक्काच्या मालकांनी, आबांनी, मला पडवीत बोलावलं. ते घोंगडीवर बसले होते. बंडीच्या खिशातून त्यांनी अक्काचा फोन काढला आणि विचारलं, ते फोटो कुठे गेले, दिसत नाहीत. मी सांगितलं, ते दिवसभरच राहतात, मग आपोआप जातात. आणि बोलता बोलता मी रडायलाच लागले. म्हटलं, "आबा, माझं चुकलं. मला कळलं असतं तर..." त्यांनी हात हलवून मला थांबवलं.

मग ते सांगत गेले, त्यांच्या अहिराणीत, थांबत थांबत. अक्काला अंघोळ घालून अंगणात ठेवलं होतं. तिचा फोन त्यांच्याच खिशात होता. हिरवा गोल दिसला, तसं तिच्यासारखंच त्यांनी बोट ठेवलं. "बठ्ठा फोटो दखाडात मी तिले," म्हणाले. फोन तिच्या तोंडाजवळ धरून एकेक दाखवला. बायकांना वाटलं, म्हाताऱ्याला वेड लागलं. पोरं उचलायची घाई करत होती, ऊन चढत होतं, पण आबा उचलू देत नव्हते. पुतण्या आमच्यासाठी खोटंच सांगत होता की काकांना फोन लागत नाही, आणि एकदा बोललेलं त्याला मागे घेता येईना. आबा म्हणत होते, भाऊला कळल्याशिवाय तिला हलवायचं नाही, तिचा लेक आहे तो. तेवढ्यात देवळाच्या दारातला फोटो आला.

"तो फोटो दखाड," आबा म्हणाले.

माझ्या फोनमध्ये होता. मी काढून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी माझ्या हसऱ्या तोंडाकडे बघितलंसुद्धा नाही, बोट मागे ठेवलं. माझ्या खांद्यामागे देवळाची पायरी दिसत होती. तिथे माझ्या चपला, त्यांच्या शेजारी यांच्या चपला नीट जोडून ठेवलेल्या, आणि त्यांच्यापुढे हे, आत न जाता, तापलेल्या दगडावर अनवाणी बसलेले. दोन्ही हात गुडघ्यांत जोडलेले. मान खाली. आजूबाजूला टोप्या घातलेले गोरे लोक बूट घालत होते, काढत होते.

आबा म्हणाले, "पायमा काहीच नही त्याना. तवय मी वळखं. भाऊले कळनं. मंग पोऱ्यास्ले सांगं, आते उचला तिले." पायात काही नाही बघून त्यांनी ओळखलं, भाऊला कळलंय, आणि मगच पोरांना तिला उचलू दिलं.

मी तो फोटो काढला होता, टाकला होता, किती जणांनी बघितला ते पुन्हा पुन्हा मोजलं होतं. पण यांना मी त्यात आत्ता पहिल्यांदा बघत होते. हजारो कोसांवरून सख्ख्या भावाला जे एका नजरेत दिसलं, ते मला शेजारी उभं राहून दिसलं नाही, आणि वर मी त्यांना मिरवता का म्हणून विचारलं होतं.

आबा म्हणाले, "त्याले बोलाव."

मी घाईने अंगणात गेले. हे मांडवाच्या खांबाला टेकून एकटेच बसले होते, पलीकडे बाकीचे. मला सगळ्यांना ऐकू जाईल असं काहीतरी बोलायचं होतं, की यांनी काय केलं तिथे, दिवसभर उपाशी राहिले, देवळात पाऊल टाकलं नाही. आदल्या दिवशीचा तो आवाज काही केल्या फुटेना. मी यांच्यापुढे उभी राहिले आणि एवढंच म्हटलं, "आबा बोलावताहेत."

ते उठले. त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं, तेव्हा माझंही तिकडे लक्ष गेलं. मी घाईत चपला घालून आले होते, सगळ्या अनवाणी माणसांत मी एकटी. मी पटकन वाकून काढायला लागले.

"असू दे," ते म्हणाले. "जमीन तापलीय."